मॅकरोनी-चीज: घर कोणाचं, हात कोणाचे?

अमेरिकेत 'घरचं जेवण' म्हटलं की जे पदार्थ चटकन तोंडी येतात, त्यांत मॅकरोनी-चीज आहे. उकडलेली मॅकरोनी, चीज, दूध, लोणी. मांसाचा तुकडाही नाही. साधा, पोटभरीचा, मुलांच्या आवडीचा पदार्थ. पण हा पदार्थ नेहमीच असा साधा नव्हता.

त्याचं मूळ युरोपात. १३९० च्या सुमारास इंग्लंडच्या राजाच्या मुदपाकखान्यात तयार झालेल्या 'फॉर्म ऑफ क्युरी' या संग्रहात कणकेच्या पातळ पट्ट्या उकडून त्यांवर चीज आणि लोणी घालण्याची कृती आहे. १७६९ मध्ये एलिझाबेथ रॅफल्डबाईंच्या पुस्तकात मॅकरोनी आणि पार्मेझान चीज आहे. म्हणजे ही सगळी खात्यापित्या घरांची गोष्ट.

अमेरिकेत या पदार्थाशी नाव जोडलं जातं ते टॉमस जेफरसनचं. १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना त्याने पाहुण्यांना मॅकरोनीचा पाय वाढला. मनासे कटलर हे पाहुणे त्या नळ्यांना चक्क कांदा समजले आणि चव आवडली नाही असं रोजनिशीत लिहून मोकळे झाले! यजमान आठवतो, पाहुणा आठवतो. स्वयंपाकघराचं काय?

१७८४ मध्ये जेफरसन पॅरिसला गेला तेव्हा त्याने जेम्स हेमिंग्ज या १९ वर्षांच्या गुलाम तरुणाला सोबत नेलं, ते फ्रेंच स्वयंपाक शिकवण्यासाठी. जेम्स शिकला, निष्णात झाला. पुढे १७९३ मध्ये जेफरसनने त्याला एक लेखी वचन दिलं. त्याचा आशय असा: याला शिकवायला मला फार खर्च आला आहे, तेव्हा मी नेमीन त्या माणसाला याने चांगला स्वयंपाकी करून द्यावं, मग याला मुक्त करीन.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ज्ञान दिल्याने कमी होत नाही, हे वाक्य वर्गात किती वेळा उच्चारलं असेल! इथे मात्र तेच ज्ञान खंडणीसारखं वसूल केलेलं दिसतं. राबला जेम्स, आणि खर्च मांडला मालकाने. जेम्सने शिकवलं कोणाला? सख्ख्या भावाला, पीटरला. १७९६ मध्ये जेम्स सुटला आणि पीटर त्याच चुलीपाशी गुलाम म्हणून उभा राहिला. जाण्यापूर्वी जेम्सने स्वतःच्या हाताने लिहिलेली स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी आजही जपलेली आहे. १८०१ मध्ये तो वारला.

पुढे १८२४ मध्ये मेरी रॅंडॉल्फ यांचं 'द व्हर्जिनिया हाउस-वाइफ' निघालं. बाई जेफरसनच्या नात्यातल्या. त्यांची कृती अगदी सुटसुटीत: मॅकरोनी दूध-पाण्यात मऊ उकडायची, निथळायची, मग थर, चीज, लोणी, आणि भट्टीत. नावात 'गृहिणी' आहे खरी, पण व्हर्जिनियातल्या अशा घरांत चूल बहुधा गुलाम बायाच सांभाळत. आम्हाला विचाराल तर पदार्थ पहिल्यांदा कोणी आणला यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

बिनमांसाचं जेवण म्हणून त्याला मान मिळाला तो टंचाईमुळे. १९१७ मध्ये हर्बर्ट हूवरच्या अन्न प्रशासनाने मंगळवारी मांस नको, असं आवाहन केलं. (गव्हाशिवायचे दिवसही होते, तेव्हा मॅकरोनीचीही पंचाईत!) महामंदीत, १९३७ मध्ये, क्राफ्ट कंपनीचा तयार डबा आला: १९ सेंटांत चौघांचं जेवण. चीजची भुकटी, दहा मिनिटांचं काम.

डबा घरोघर गेला. पण कृष्णवर्णीय अमेरिकन घरांत थॅंक्सगिव्हिंगला मॅकरोनी-चीज आजही बहुधा भट्टीतच भाजतात, वरून खरपूस. ते कोणी करायचं हे ठरलेलं असतं, बहुतेकदा घरातली एखादी वडीलधारी बाई. नवख्या हाती ते काम सहसा देत नाहीत.