नाही म्हणण्याची ऐपत

ट्रान्झिस्टर हे मुळात एका चिमुकल्या सुट्या भागाचे नाव. पण आपल्याकडे गावोगावी लोकांनी ते सबंध रेडिओलाच देऊन टाकले. गुराख्याच्या खांद्यावर, शेताच्या बांधावर, सलूनच्या फळीवर वाजायचा तो ‘ट्रान्झिस्टर’. असा छोटा रेडिओ जगभर पोचवणाऱ्यांत एक जपानी कंपनी होती. आज ती सर्वांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते तिला कोणी ओळखत नव्हते त्या दिवसांविषयी. परदेशी बाजारात उतरलेली कोवळी कंपनी वाढते कशी आणि तगते कशी, हे तिथे स्वच्छ दिसते.

७ मे १९४६ रोजी, बॉम्बहल्ल्यांनी होरपळलेल्या टोकियोत, मासारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी ‘टोकियो त्सुशिन कोग्यो’ ही कंपनी काढली. भांडवल १ लाख ९० हजार येन, माणसे वीसेक. त्याआधी इबुकांनी भात शिजवण्याचे विजेचे भांडे करून पाहिले होते. भात कधी कच्चा राही, कधी त्याचा गाळ होई. १९५० मध्ये त्यांनी टेपरेकॉर्डर बाजारात आणला. उचलायला जड, किमतीला त्याहून जड. लोक कौतुकाने ऐकत आणि निघून जात. शेवटी लघुलेखकांच्या टंचाईने गांजलेली न्यायालये गिऱ्हाईक म्हणून मिळाली, मग शाळा मिळाल्या.

१९५३ मध्ये मोरितांनी अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीशी ट्रान्झिस्टर बनवण्याच्या परवान्याचा करार केला. त्याचे शुल्क होते २५ हजार डॉलर. जपानात तेव्हा परकीय चलनाची चणचण होती, त्यामुळे सरकारी परवानगीसाठी १९५४ साल उजाडले. परवाना देणाऱ्यांचा सल्ला होता, यातून कर्णयंत्रे करा. इबुकांनी मात्र रेडिओच करायचा हट्ट धरला. त्या शर्यतीत अमेरिकेचा ‘रीजन्सी’ रेडिओ १९५४ मध्ये पुढे निघून गेला. यांचा पहिला रेडिओ आला ऑगस्ट १९५५ मध्ये. तोवर त्यांनी आपल्या मालासाठी ‘सोनी’ हे नाव निवडले होते. लॅटिनमधला आवाजाचा शब्द ‘सोनस’ आणि इंग्रजीत पोराला लाडाने म्हणतात ते ‘सनी’, या दोहोंतून घडवलेले. कंपनीनेही १९५८ मध्ये तेच नाव घेतले.

त्याच १९५५ साली मोरिता न्यूयॉर्कमध्ये दुकाने पालथी घालत होते. घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या बुलोवा कंपनीला रेडिओ आवडला. तिने एकदम १ लाख रेडिओ मागितले. अट एकच, रेडिओवर नाव बुलोवाचे हवे. त्या ऑर्डरची रक्कम मोरितांच्या कंपनीच्या साऱ्या भांडवलाहून मोठी होती. टोकियोहून निरोप आला, ऑर्डर घ्या. मोरितांनी ती नाकारली.

दुसरा प्रसंग तर मला याहून बोलका वाटतो. एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदीदाराने ५ हजार ते १ लाख नगांपर्यंतचे दर मागितले. नग वाढले की दर उतरतो, हा जगाचा रिवाज. मोरितांचा दर १० हजारांपर्यंत उतरला आणि पुढे उलटा चढत गेला. १ लाखाला तो सर्वांत महाग. खरेदीदार चक्रावला. मोरितांचा हिशोब साधा होता. एवढा माल काढायचा तर कारखाना वाढवावा लागेल, माणसे घ्यावी लागतील. पुढल्या वर्षी ऑर्डर आली नाही, तर वाढवलेला कारखानाच आपल्याला गिळेल. खरेदीदाराला ते पटले आणि त्याने १० हजार रेडिओ घेतले. कोवळ्या कंपन्या नुसत्या उपासमारीने मरत नाहीत, अपचनानेही मरतात.

मोरितांनी ‘मेड इन जपान’ या १९८६ च्या आत्मकथनात हे दोन्ही प्रसंग सांगितले आहेत. व्यवस्थापनाच्या वर्गांत ते धैर्याचे धडे म्हणून शिकवले जातात. गझल लिहिणाऱ्याला यातले नावाचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. मक्त्यातून शायराचे तखल्लुस काढून दुसऱ्याचे घातले, तर गझल उरेल, शायर उरणार नाही. पण मला प्रश्न पडतो तो असा, की हे धैर्य आले कुठून?

मोरितांचे घराणे सुमारे तीनशे वर्षे साके गाळणारे. आमच्या गझलेतल्या साकीशी याचा संबंध नाही, साके म्हणजे तांदळाचे मद्य. अकिओ थोरले, परंपरेने गादीचे वारस. १९४६ मध्ये त्यांना मोकळे करा, अशी विनंती घेऊन इबुका त्यांच्या घरी गेले. सोबत इबुकांचे सासरे, माजी शिक्षणमंत्री तामोन माएदा होते. वडिलांनी मुलगा दिला आणि वर पैसेही दिले. परतफेडीचा तगादा लावला नाही, बदल्यात कंपनीचे शेअर घेतले. असा थांबायला तयार असलेला पैसा पाठीशी होता, म्हणून न्यूयॉर्कमध्ये ‘नाही’ म्हणता आले.

पुढचे सगळे सावकाश झाले. जानेवारी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गोदामातून चोरांनी सुमारे ४ हजार रेडिओ पळवले. तिथे इतरांचाही माल होता, पण त्यांनी उचलले ते सोनीचेच. बातमी पेपरात झळकली आणि फुकटात जाहिरात झाली. १९६० मध्ये अमेरिकेत स्वतःची कंपनी निघाली आणि १९६१ मध्ये अमेरिकेत शेअर विकणारी सोनी ही पहिली जपानी कंपनी ठरली.

हे सांगताना मला कोल्हापूर आठवते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशाच चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. अशा वेळी आपल्या कारागिरांना ‘तुमचा ब्रँड करा’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण ज्याचे कातडेच उधारीवर येते, तो दुसऱ्याच्या नावाची ऑर्डर कशी नाकारणार? त्याच्यामागे साके गाळणारा बाप नाही. ती जागा बँकेने, सहकारी संस्थेने, सरकारने घ्यायला हवी. वर्षभर कळ काढणारे कर्ज त्याला मिळाले, तर तोही एखाद्या ऑर्डरला ‘नाही’ म्हणू शकेल आणि चपलेवर स्वतःचा शिक्का उमटवील.