एक संसार, दोन बिऱ्हाडं

१९२१च्या जनगणनेची रात्र १८ मार्चला होती. घरांवर क्रमांक टाकणं, तक्ते भरणं ही कामं आधीच उरकली होती. त्या रात्री प्रगणकांना फक्त शेवटची पडताळणी करायची होती. नियम असा, की माणूस त्या रात्री जिथे सापडेल तिथलाच धरायचा. त्यामुळे परळच्या गिरणीत राबणारा नवरा मुंबईच्या हिशेबात जमा झाला, तर गावाकडची शेती आणि सासू-सासरे सांभाळणारी त्याची बायको रत्नागिरीच्या.

इंग्लंडमध्ये त्याच वर्षीचे घरटी तक्ते जानेवारी २०२२मध्ये खुले झाले. तिथे पणजोबांचं नाव, वय आणि धंदा सगळं सापडतं. आपल्याकडे बेरजा झाल्यावर मूळ कागद निकालात निघाले आणि छापील कोष्टकं तेवढी उरली. त्यांत नाव एकाचंही नाही.

तरीही ही कोष्टकं बोलतात.

१९२१मध्ये मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे. रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग येत असे, नेमकं उलट चित्र होतं: तिथे बायकाच जास्त. शहरात कमी पडलेल्या बायका आणि गावात कमी पडलेले पुरुष ही एकाच संसाराची दोन टोकं होती, मनीऑर्डरीने बांधलेली. पगार गिरणीचा, पण घर कोकणातलं.

मग मुंबईत हे पुरुष राहत कुठे? १९३१च्या गणनेनुसार शहरातले सुमारे ७४ टक्के लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात होते. चाळीतल्या अशा खोलीत नवरा-बायको आणि मुलंच असतील असं नव्हे. कुठे भाऊ आणि मेव्हणे, कुठे एकाच गावचे गडी भाडं वाटून घेत; दिवसपाळीवाला परतला की रातपाळीवाला बाहेर पडे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. खोलीत किती माणसं हे कोष्टक सांगतं, पण त्यांची चूल कुठे पेटत होती हे सांगत नाही.

जन्मस्थळाचा रकाना तर आणखी जपून वाचावा लागतो. १९२१मध्ये मुंबईतच जन्मलेले शंभरात अवघे सोळा होते. सगळं शहर कालच आलं की काय, असं त्यावरून वाटेल. पण चाळीत संसार थाटलेली बाईसुद्धा बाळंतपणाला गावी जाई. तिथे जन्मलेलं मूल तान्हेपणीच आईच्या कडेवरून मुंबईला येई, गिरणगावात वाढे, पुढे बापाच्याच खात्यात बदली कामगार म्हणून लागे. जनगणनेत मात्र त्याचं जन्मस्थळ रत्नागिरीच लागे आणि ते बाहेरून आलेल्यांत मोजलं जाई. म्हणून या घरांचा माग काढताना मुंबईचा खंड एकटा पुरत नाही. रत्नागिरीची पानंही शेजारी उघडी ठेवावी लागतात.