मुंबईत माणसे किती उरली? प्लेग, कल्याण जंक्शन आणि एक हरवलेला छेद

१/ शहाडहून मुंबईकडे निघालेली लोकल काही मिनिटांत कल्याणला पोहोचते. १८९७ साली याच जंक्शनवर मुंबईहून आलेल्या गाड्यांतील प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होत असे. त्यातून सुटल्यावरच नाशिककडचा प्रवासी शहाडवरून पुढे जाई. कारण होते प्लेग. #थ्रेड

२/ सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात हा रोग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. तोवर मुंबई झपाट्याने रिकामी होत होती.

३/ १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. त्यांपैकी चार लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, असा तत्कालीन अंदाज. रेल्वेची तिकिटे मोजता येत. पायी, बैलगाडीने वा गलबताने गेलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार?

४/ प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. समजा, आठवड्यात १,००० मृत्यू झाले. ८.२ लाखांत ते हजारी सव्वा भरतात, ४.२ लाखांत हजारी जवळजवळ अडीच. अंश तोच, छेद बदलला की साथीची तीव्रता दुप्पट ठरते.

५/ याची दुसरी बाजू अधिक फसवी. मृत्यू घटले, तर ते उपायांमुळे, ऋतुमानामुळे, की मरणाच्या छायेत माणसेच कमी उरल्यामुळे? छेद ठाऊक नसेल, तर श्रेय कोणाला द्यायचे हेही ठरत नाही.

६/ अंशही निर्मळ नव्हता. घरझडती आणि सक्तीच्या रुग्णालयाच्या धास्तीने लोक आजारी लपवीत. मृत्यूची नोंद दुसऱ्याच रोगावर जाई. म्हणून एरवीच्या वर्षांतील मृत्यूंशी तुलना करून ‘अधिकचे मृत्यू’ काढावे लागत.

७/ छेद पक्का असलेली एक जागा मात्र होती: भायखळ्याचा तुरुंग. जानेवारी १८९७ अखेर हाफकिन यांनी तेथील तीनशेहून अधिक कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांना लस टोचली. पुढील दिवसांत न टोचलेल्यांत १२ जणांना लागण झाली आणि ६ दगावले. टोचलेल्यांत २ जणांना लागण झाली, मृत्यू एकही नाही. भिंतींमुळे तुलना शक्य झाली.

८/ १ मार्च १९०१ ची जनगणना ऐन प्लेगच्या हंगामात आली. आकडा निघाला ७,७६,००६. हा आकडा भरवशाचा धरणे कठीण, म्हणून १९०६ मध्ये शहराची स्वतंत्र गणना झाली: ९,७७,८२२! पाच वर्षांत दोन लाखांची ही वाढ केवळ जन्मांची नव्हे. त्यात परतलेलीही माणसे होती.

९/ १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे पुढे १९२७ साली कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांच्या प्रसिद्ध गणिती निबंधात आले. रोग होऊ शकेल अशा व्यक्तींची संख्या हाच त्या सिद्धांताचा कणा. मात्र माणसांतील प्लेग उंदरांवर अवलंबून असल्याने हा मेळ ढोबळच आहे, असे त्यांनी स्वतःच बजावले.

१०/ पल्स पोलिओच्या दिवशी रेल्वे स्थानकांवर बूथ दिसतात आणि डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीवर शाईची खूण असते. घरोघरच्या यादीत न सापडणारे मूल प्रवासात गाठायचे, ही त्यामागची रीत. कल्याणच्या फलाटावर १८९७ साली माणसे अडवली जात होती. आता ती निसटू नयेत म्हणून कोणी उभे असते.