गोवर्धनच्या विणकरांकडची ठेव

नाशिकच्या पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्यात, व्हरांड्याच्या भिंतीवर, एका ठेवीचा करार कोरलेला आहे. ठेवीदार उषवदात, म्हणजे दीनिकाचा मुलगा आणि क्षत्रप नहपानाचा जावई. रक्कम 3,000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. ठेव घेणाऱ्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणी, म्हणजे कारागिरांच्या संघटना. काळ सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा. वाणिज्य शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि व्यवसाय म्हणजे काय हे पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना समजावायला मला या भिंतीइतकं चांगलं पान दुसरं सापडलेलं नाही.

‘धंदा कशासाठी करतात?’ असं जूनमध्ये वर्गात विचारलं की सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘नफ्यासाठी.’ उत्तर चुकीचं नाही, पण तिथेच थांबलं की पुढचं काहीच कळत नाही. नफा येतो कुठून, तो कोणाकोणाला द्यावा लागतो आणि मालक बदलला, राजा बदलला तरी काही व्यवसाय टिकतात कसे, हे प्रश्न मग कोणी विचारतच नाही. म्हणून पाऊस उघडला की मी मुलांना पांडवलेणीचा डोंगर चढायला लावायची. लेख कोरला त्या काळी या डोंगराला त्रिरश्मी म्हणत. गोवर्धन हे त्या भागाचं मुख्य ठिकाण होतं, आणि आजही गंगापूरच्या अंगाला गोदाकाठी गोवर्धन नावाचं गाव आहे.

करार असा आहे. एका श्रेणीकडे 2,000 कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. अशा कायमच्या ठेवीला तेव्हा अक्षयनीवी म्हणत. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यासाठी. दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च.

इथे मी वही काढायला सांगायची. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा, म्हणजेही 240. हिशोब कवडीलाही चुकत नाही. दगडात कोरलेलं ते प्राकृत मुलांना वाचता येत नाही, पण हा गुणाकार जुळला की त्यांचे चेहरे बदलतात. तेव्हाच्या कोणीतरी, आपल्यासारखंच, बसून आकडेमोड केली होती हे त्यांना पटतं.

एकदा एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, पण विणकरांना यात काय मिळालं? मुद्दल खर्च करायचं नाही, व्याज मात्र दरवर्षी द्यायचं.’ खरा धडा या प्रश्नापासून सुरू होतो. तिला म्हटलं, ‘अगं, मुद्दल परत द्यायचं नाही, ते गुंतवायला कोणी अडवलं? सूत घे, माग घाल, रंगाला पैसे दे.’ माल विकला जाईपर्यंतचे दिवस निभावून नेणारा पैसा म्हणजे भांडवल. ते हातात नसेल तर उत्तम विणकरसुद्धा सावकाराच्या सुतावर मजुरी करतो. आता दुसरी बाजू. वर्षाला शेकडा बारा व्याज द्यायचं, कारागिरांची पोटं भरायची, मोडका माग दुरुस्त करायचा, म्हणजे त्या पैशावर बारापेक्षा बरंच जास्त सुटायला हवं, तेही दरवर्षी. ते कधी सुटेल? लोकांना हवं तसं कापड, हव्या त्या वेळी, परवडेल अशा भावात मिळालं तर. गिऱ्हाइकाची गरज आधी येते आणि नफा तिच्या मागून. पण तो आला नाही तर भिक्खूंची चीवरं थांबतात आणि मागही थांबतात. नफ्याची लाज वाटायचं कारण नाही आणि त्याची पूजा करायचंही नाही, हे मी मुलांना फार कळकळीने सांगत आले.

गिऱ्हाईकही लहानसहान नव्हतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेरहून गाड्यांनी माल भडोचच्या बंदरात जाई असं म्हटलंय, आणि तेरच्या मालात कापडच मुख्य. खुद्द उषवदाताचे लेख भडोच आणि शूर्पारक म्हणजे सोपाऱ्यातल्या त्याच्या दानांबद्दल बोलतात. घाटावरून बंदराकडे जाणाऱ्या वाटांशी नाशिक जोडलेलं होतं. मागावर बसलेल्या माणसाला समुद्र दिसत नसेल, पण बाजार त्याच्या दारापर्यंत आलेला होता.

दोन श्रेणींचे दर वेगळे का? माझ्या मते, ज्या श्रेणीची पत मोठी तिने कमी दर दिला असावा. आजही भक्कम बँक कमी व्याज देते आणि लोक तिथेच रांग लावतात. जोखीम आणि परतावा यांचा संबंध यापेक्षा सोपा करून सांगता येत नाही.

करारातलं शेवटचं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवलं, असं तिथे लिहिलंय. राजाचा जावई आहे म्हणून तोंडी व्यवहार चालला नाही. चारचौघांसमोर वाचन झालं आणि नोंद झाली. व्यवसायाला सचोटी लागते हे आपण सुविचारासारखं शिकवतो, पण सचोटीला नोंदीची जोड लागते हे त्या लोकांना माहीत होतं.

पुढे नहपानाचं राज्य गेलं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभीला 1906 साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचे छाप मारलेले. तिसऱ्या लेण्यातल्या लेखात तो भिक्खूंना जे शेत देतो, तेही आधी उषवदाताकडे होतं. म्हणजे नाण्यावरचं नाव बदललं, जमिनीचा धनी बदलला.

श्रेणींचं काय झालं? उत्तर त्याच डोंगरात आहे. तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली. कुठे? गोवर्धनच्याच श्रेणींकडे. कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभार, त्यांच्याकडे 1,000. पाण्याची यंत्रं करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे 2,000. आणि तेल्यांच्या श्रेणीकडेही काही रक्कम. क्षहरात गेले, सातवाहन गेले, आभीर आले, तरी आपल्या माघारी पैसा सांभाळायला बाईने कारागिरांच्या संघटनाच निवडल्या.

माझ्या वडिलांचं नाशिकच्या भद्रकालीत कापडाचं छोटं दुकान होतं. सुरतेचे व्यापारी त्यांना शब्दावर उधारीने माल देत आणि लक्ष्मीपूजनाला नवी वही घालण्याआधी वडील जुनी देणी चुकती करत. माणूस चोख होता. पण ते आजारी पडले आणि दुकान बंद झालं, कारण पत त्यांची होती, दुकानाची नव्हती. एकल व्यापार आणि संस्था यांतला फरक मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिला. गोवर्धनच्या विणकरांनी हाच प्रश्न सोडवला होता: एक विणकर मेला तरी श्रेणी मरत नाही, तिचं देणं मरत नाही. कंपनीला सभासदांपासून वेगळं, अखंड अस्तित्व असतं हे आपला 2013 चा कंपनी कायदाही सांगतो. श्रेणी म्हणजे कंपनी नव्हे. तिथे भागधारक नव्हते, सगळे कारागीर होते. पण माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब वचन देण्याची गरज दोन्हीकडे तीच.

नाशिकच्या वाणिज्य शिक्षकांना माझी विनंती आहे. सातपूर-अंबडचे कारखाने मुलांना जरूर दाखवा, लासलगावचा कांद्याचा लिलाव दाखवा, नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात हेही सांगा. पण त्याआधी एका सकाळी त्यांना पांडवलेणी चढवा, दहाव्या लेण्यासमोर बसवा आणि 240 चा हिशोब त्यांच्याच हातून सोडवून घ्या.