नऊपैकी आठ

मार्च १९६०. ब्रह्मपुरी स्टेशनावर तुम्ही छोट्या गाडीची वाट पाहताय. जिल्हा चांदा, राज्य अजून मुंबईच. बाकावरचे चिमूरचे काका विचारतात, "काहो, ज्युरीनं सोडलं तं मंग हायकोर्ट पुन्हा कसा काय धरते?" १९४२च्या आंदोलनानंतरच्या चिमूर खटल्यात त्यांनी विशेष न्यायालय पाहिलंय; तिथं ज्युरी नव्हतीच.

नागभीडला गाडी बदला, नागपूरहून मुंबईची मेल धरा. पण हायकोर्टाआधी पाचेक महिने मागे वळा, सेशन्स कोर्टात ज्युरीच्या बाकावर बसा.

समोर आरोपी, नौदलाचे कमांडर नानावटी. २७ एप्रिल १९५९ला प्रेम आहुजांना तीन गोळ्या लागल्या. पत्नीनं आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजांच्या ऑफिसात डोकावले, मग त्यांच्या घरी गेले. बचावाचे वकील कार्ल खंडालावाला म्हणतात, गोळ्या झटापटीत सुटल्या. मग अंघोळ करून आलेले आहुजा खाली पडल्यावरही त्यांचा टॉवेल कमरेला कसा राहिला, हा सरकारी पक्षाचा प्रश्न हवेतच राहतो.

आता न्यायाधीश मेहता ज्युरीला कायदा समजावतात. एक गोष्ट मात्र राहून जाते: अपघात झाला म्हणणाऱ्यावरच तो दाखवण्याचा भार असतो, तेव्हाचा पुरावा कायदा, कलम १०५. पत्नीनं आहुजांना लिहिलेल्या पत्रांतला मजकूरही नीट पुढे येत नाही. इतकंच कानावर पडलं असतं, तर तुम्हीही आठांत असता. मी तरी असतो. २१ ऑक्टोबरला निकाल येतो: आठ विरुद्ध एक, निर्दोष. मेहतांना तो पटत नाही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली ते प्रकरण हायकोर्टाकडे पाठवतात.

११ मार्च १९६०. न्या. शेलत आणि न्या. नाईक, निकाल एक, दोषी आणि जन्मठेप; वाटा दोन. ज्युरीला चुकीचं मार्गदर्शन झालं म्हणून शेलत सगळा पुरावा स्वतः तपासतात. नाईक म्हणतात, समंजस माणसांची कुठलीही ज्युरी या निष्कर्षाला आलीच नसती. मला नाईकांची वाट जरा कठोर वाटते: ज्यांना कायदाच अर्धा सांगितला, त्यांच्या समंजसपणावर बोट कशाला?

नानावटी सुप्रीम कोर्टात अपील करतात. मुद्दा पुन्हा तोच, ज्युरीच्या निकालामागे हायकोर्टानं किती जावं. २४ नोव्हेंबर १९६१ला न्या. सुब्बा राव सांगतात, कलम ३०७ खाली हायकोर्ट सगळा पुरावा पाहू शकतं. जन्मठेप कायम राहते. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांची माफी १९६४ची.