नानाभॉय मूस

नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस (१८५९ – १९३६) हे भारतीय भूचुंबकशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळेची उभारणी आणि मुंबईतील साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदींचे विवेचन करणारा १९१० सालचा ग्रंथ ही त्यांची दोन प्रमुख कार्ये होत.

पार्श्वभूमी

मूस यांनी एडिनबरा विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतली. परतल्यावर काही काळ त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले. १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली होती. जहाजांना अचूक वेळ पुरवणे आणि खगोलीय निरीक्षणे करणे हा तिचा मूळ हेतू होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची निरीक्षणे १८४१ पासून सुरू झाली व १८४६ पासून ती नियमित झाली. प्रारंभी निरीक्षक दुर्बिणीतून टांगत्या चुंबकाचे विचलन डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत असे. छायाचित्रणाने आपोआप नोंद घेणारी उपकरणे १८७०च्या दशकात आली. मूस यांच्या काळात येथे भूकंपमापकही बसवण्यात आला.

ट्रामचा प्रश्न

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालवण्याचे ठरले. विजेच्या ट्राममध्ये वीजप्रवाह रुळांवाटे परत जातो आणि त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो. अशा भटक्या प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र सूक्ष्म नोंदी निरुपयोगी करून टाकते. ट्राम थांबवणे शक्य नव्हते. वेधशाळा हलवली तर अर्धशतकाहून जुनी मालिका तुटण्याचा धोका होता.

मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस, समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड केली. तेथील इमारतीच्या बांधकामात लोखंड वापरले गेले नाही. कोकणातील काळ्या पाषाणात चुंबकीय गुणधर्माची लोहखनिजे असतात, त्यामुळे हाताशी असलेला दगड कुचकामी होता. पोरबंदरचा दगड चुंबकीयदृष्ट्या निर्दोष ठरल्याने तो आणवला गेला. चुंबकांवर तापमानाचाही परिणाम होतो, म्हणून उपकरणांची खोली दुसऱ्या खोलीच्या आत बांधून दिवस-रात्रीतील तापमानातला फरक अत्यल्प राखला गेला.

याहून महत्त्वाचा निर्णय नोंदींच्या जोडणीचा होता. जागा बदलली की खालच्या खडकांमुळे चुंबकीय क्षेत्राचे मूळ मूल्यच बदलते. म्हणून १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. दोहोंतील फरक निश्चित झाल्यावरच १९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे बंद झाली. पुढच्याच वर्षी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

(येथे नावांचा घोटाळा होण्याचा संभव आहे. वेधशाळेचे नाव मुंबईतील कुलाब्यावरून आले, तर अलिबाग ज्या जिल्ह्यात आहे तो आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत अलिबागच्या जलदुर्गावरून ‘कुलाबा’ याच नावाने ओळखला जाई.)

ग्रंथ व संशोधन

१९१० मध्ये मूस यांचा दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे व पद्धती, तर दुसऱ्यात त्यांचे विवेचन आहे. अनेक चुंबकीय वादळांच्या नोंदी वादळाच्या आरंभक्षणापासून जुळवून त्यांनी सरासरी काढली. त्यातून वादळाचे ठरावीक रूप पुढे आले: क्षैतिज घटकात प्रथम अल्पशी वाढ, मग मोठी घट आणि त्यानंतर दीर्घकाळ चालणारी संथ पूर्वस्थिती. इंग्लिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी १९१८ पासून या विषयावर केलेल्या कामाला मूस यांच्या विश्लेषणाची पूर्वपीठिका आहे. एरवी वेधशाळांचे वार्षिक अहवाल आकड्यांपुरते राहतात. या ग्रंथाचे वेगळेपण त्याच्या दुसऱ्या भागात आहे.

१८५९ चे वादळ

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन व रिचर्ड हॉजसन यांनी सूर्यावर तेजस्वी उद्रेक पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले आणि अनेक देशांतील तारयंत्रे विस्कळीत झाली. मूस यांचा जन्मही त्याच वर्षीचा. त्या वेळी कुलाब्यात काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली गेली आणि क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. तेथील एकूण क्षैतिज घटक साधारण ३७ ते ३८ हजार नॅनोटेस्ला असतो.

२००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लाखिना आणि सोबना अलेक्स यांनी या नोंदी अभ्यासून वादळाची तीव्रता उणे १,७६० नॅनोटेस्ला असल्याचा अंदाज मांडला. काही अभ्यासकांना तो अधिक वाटतो, कारण तासाभराची सरासरी घेतल्यास आकडा निम्म्याजवळ येतो. तुलनेसाठी, मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्युबेक प्रांताची वीज घालवणाऱ्या वादळाची तीव्रता उणे ५८९ नॅनोटेस्ला होती. उपग्रह व वीजजाळी यांच्या सुरक्षिततेचा विचार करताना आजही या नोंदींचा आधार घेतला जातो.

वारसा

१९७१ मध्ये या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. लाखिना व अलेक्स याच संस्थेतील संशोधक. तिचे मुख्यालय आता रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. पनवेलहून आपटा व पेणमार्गे रोह्याकडे जाणारा मुख्य लोहमार्ग अलिबागपासून बाजूलाच राहतो. अलिबागची वेधशाळा कार्यरत असून ती चुंबकीय वेधशाळांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा भाग आहे.