म्हातारपणाचे माप

वृद्ध माणसाची प्रकृती चांगली आहे असे केव्हा म्हणावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत, शारीरिक, मानसिक व सामाजिक संपूर्ण स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, असे म्हटले आहे. त्यातले ‘संपूर्ण’ वाचून मला हसूच येते. मग साठीपुढची एकही बाई निरोगी ठरावयाची नाही!

अमेरिकेत क्लीव्हलंड येथील डॉ. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली निराळी वाट दाखविली. रोगांची यादी बाजूस ठेवून त्यांनी सहाच गोष्टी पाहिल्या: स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा व आपल्या हाताने जेवणे. दुखण्यातून सावरताना जेवणे आधी जमते, स्नान मागाहून. जवळजवळ लहान मुलाच्याच क्रमाने, असे त्यांना आढळले.

पुढे १९६९ साली फिलाडेल्फियाचे पॉवेल लॉटन व एलेन ब्रोडी यांनी आणखी आठ कामे धरली: टेलिफोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे व पैशांचा व्यवहार. बायकांना आठांपैकी गुण, पुरुषांना पाचांपैकीच! स्वयंपाक, घरकाम आणि धुणे त्यांना माफ. म्हणजे चहासुद्धा न येणारे आजोबा धडधाकट, आणि आजींच्या हातून पोळी होईनाशी झाली की त्यांचे गुण गेले. हल्ली पुष्कळ ठिकाणी दोघांनाही आठही विचारतात, हे बरे झाले.

तरी एक शंका उरतेच. जन्मभर ज्यांच्या हाती पैसा दिलाच नाही, त्या आजींना व्यवहार जमत नाही असा शेरा पडला, तर तो वयाचा की घराच्या रीतीचा, हे त्या कागदावरून कळत नाही.